मांजाची जखम: प्रश्न लांबीचा नाही, खोलीचा

संक्रांत जवळ आली की नायलॉन मांजाने गळा चिरल्याच्या बातम्या येऊ लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही मांजा विकला जातो आणि दुचाकीस्वार जखमी होतात.

घाव मानेवरच का बसतो? हेल्मेट डोके वाचवते, कपडे छाती झाकतात. मध्ये मान उघडी राहते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. आडवा आलेला बारीक धागा दिसेपर्यंत तो गळ्याला लागलेला असतो. साधा सुती दोरा ताण पडल्यावर तुटण्याची शक्यता अधिक. नायलॉन मात्र ताणला जातो आणि कातडीत रुतत जातो.

कातडीखाली चरबीच्या थरात प्लॅटिस्मा नावाचा पापडासारखा पातळ स्नायू असतो. आरशासमोर ओठांचे कोपरे जोरात खाली ओढले की मानेवर ज्या उभ्या रेषा उमटतात, त्या याच स्नायूच्या. त्याखाली संयोजी ऊतींचे चिवट आवरण असते. हे आवरण कानामागून छातीच्या हाडाकडे आणि गळपट्टीच्या हाडाकडे उतरणाऱ्या जाड स्नायूला वेढून घेते. त्या स्नायूच्या आडोशाला मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी, मोठी ज्युग्युलर शीर आणि व्हेगस मज्जातंतू एकाच वेष्टनात असतात. गळ्याच्या मधोमध मात्र असा जाड आडोसा नाही. तिथे श्वासनलिका बरीच वर असते.

म्हणूनच शल्यचिकित्सकांचा पहिला प्रश्न असतो, ‘प्लॅटिस्मा कापला गेला आहे का?’ तो शाबूत असेल, तर जखम बहुधा वरवरची. तो कापला गेला असेल, तर बाहेरून चीर लहान दिसली तरी रुग्णाला गंभीर समजून तपासावे लागते. अशी जखम साध्या ड्रेसिंगच्या खोलीत चाचपून पाहत नाहीत, कारण साकळलेले रक्त सुटून पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो.

आणखी एक धोका सहज लक्षात येत नाही. प्लॅटिस्माखालून जाणारी बाहेरची ज्युग्युलर शीर गळपट्टीच्या हाडाच्या वर त्या चिवट आवरणातून आत शिरते. तिथे ती आवरणाला चिकटलेली असल्याने कापली गेली तरी मिटत नाही. श्वास घेताना तिच्यातून हवा आत ओढली जाऊन हृदयापर्यंत पोहोचू शकते.

अशा वेळी स्वच्छ कापडाने जखमेवर थेट, सलग दाब द्यावा. श्वासनलिका दाबू नये, मानेभोवती काहीही आवळून बांधू नये, रुतलेला मांजा ओढून काढू नये. १०८ क्रमांकावर फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. या दिवसांत दुचाकीवर गळ्याभोवती जाड कापड नीट खोचून घेणे आणि वेग कमी ठेवणे हेही उपयोगाचे.

पण गळ्याला मफलर गुंडाळण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही. पतंग कटल्यावर मांजा झाडांवर, तारांवर लटकत राहतो; त्यामुळे संक्रांतीच्या आठवड्यातली छापेमारी उशिराचीच ठरते. कारवाई माल दुकानात येण्याआधी, साठ्यावर व्हायला हवी. धागा एकदा रस्त्यावर आडवा आला की त्याच्या आणि धमनीच्या मध्ये बोटभरही अंतर उरत नाही.