किल्ली दिली, पण दार कोठें आहे?

आपली वस्तु दुसऱ्याच्या जागेंत ठेवणें हें मोठ्या विश्वासाचें काम आहे. भिवंडी तालुका आज मालगोदामांसाठीं देशभर ओळखला जातो. तेव्हां आम्हां खारबावकरांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. जागा गोदामवाल्याची, माल मालकाचा. परंतु किल्ली कोणाच्या हातीं, या एका प्रश्नावर सर्व भिस्त असते.

संगणकाच्या जगांतील क्लाउड स्टोरेज हेंही एक गोदामच होय. आपले निबंध, छायाचित्रें व दाखले दूरच्या यंत्रांवर जाऊन राहतात. सामान्य सेवेंत किल्ली गोदामवाल्याजवळही असते. खासगीपणा जपणाऱ्या सेवा मात्र माल आपल्याच संगणकावर कुलूपबंद करून नेतात व किल्ली मालकापाशींच ठेवितात. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. त्या दृष्टीनें अशा सेवांचें आम्ही स्वागतच करितों.

परंतु या सेवांचें दार सर्वांस सारखें उघडें नाहीं. स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन या संस्थेचेंच उदाहरण घ्या. तिनें आपल्या ड्राइव्ह सेवेचें विंडोजसाठीं ॲप जुलै २०२३ मध्यें काढलें व मॅकसाठीं त्याच वर्षीं नोव्हेंबरांत. लिनक्स वापरणारांस त्या वर्षीं असें ॲप मिळालें नाहीं. ब्राउझर उघडून हातानें फाइली चढवाव्या व उतरवाव्या, एवढेंच त्यांच्या वांट्यास आलें. नवल असें कीं, या संस्थेचे संस्थापक सर्न या विज्ञानसंस्थेंतून आलेले, आणि त्या सर्नची प्रचंड गणनायंत्रणा लिनक्सवरच चालते!

कोणी म्हणेल, लिनक्स वापरणारे असे किती? त्याच्या शाखा अनेक, गिऱ्हाईक थोडें. शिवाय दूरची फाइल आपल्याच फोल्डरांत दाखविण्याची ठराविक सोय विंडोज व मॅक यांत आहे. लिनक्सवर तशी सर्वमान्य एक सोय नाहीं. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या अनुल्लंघ्य नाहींत. मेगा व ट्रेसोरिट या सेवांनीं लिनक्ससाठीं ॲपें देऊन तें दाखविलेंच आहे.

आणि लिनक्स वापरणारा कोण, याचाही विचार व्हावा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. पुढील विंडोज ११ कित्येक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणें बसतच नाहीं. नवा संगणक घेण्याची ऐपत नसलेल्या घरास व शाळेस अशा वेळीं लिनक्सचा आधार आहे. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅकनें सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही लिनक्सवरच उभी असून तींत मराठीची सोय आहे. जुन्या यंत्रावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यास खासगीपणाची गरज श्रीमंताहून कमी असते काय? नव्या यंत्रासहच जर तो मिळावयाचा, तर त्यास हक्क न म्हणतां चैन म्हणावें लागेल.

यांत आणखी एक धोका आहे. दार नसलें म्हणजे लोक खिडकी शोधतात. आरक्लोन या खुल्या साधनानें सप्टेंबर २०२३ मध्यें प्रोटॉन ड्राइव्हशीं जोडणी दिली. पण संस्थेनें आपल्या यंत्रणेची कागदपत्रें प्रसिद्ध केलेलीं नसल्यामुळें ती, उपलब्ध सांकेतिक मजकूर वाचून व ब्राउझरांतील देवघेव न्याहाळून, करावी लागली. हा उद्योग स्तुत्य खरा. परंतु गोदामवाल्यानें कांहीं फेरफार केला कीं खिडकी बंद पडण्याची भीति राहते. शिवाय कमी परिचित साधनाच्या हातीं परवलीचा शब्द देण्याची पाळी अजाण माणसावर आली, तर किल्ली आपल्यापाशीं ठेवण्याचा हेतूच फसतो.

म्हणून आमचें मागणें माफक आहे. सुंदर ॲप आज जमत नसेल तर न जमो. पण फाइली नेण्या-आणण्याचें साधें अधिकृत साधन द्यावें, आणि यंत्रणेची कागदपत्रें खुलीं करावीं, म्हणजे जाणते लोक उरलेलें काम स्वतः करतील. ग्राहकांनींही केवळ ‘आम्ही खासगीपणा जपतों’ या पाटीवर न जातां, वर्गणी भरण्यापूर्वीं ‘आमच्या यंत्रास दार आहे काय?’ असें विचारावें. किल्ली ज्याच्या हातीं दिली, त्यास आंत जातां आलें पाहिजे. नाहींतर त्या किल्लीचा उपयोग काय?