यिर्मया देशद्रोही होता काय?

देशावर संकट आले की भाविकांनी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी आणि एरवी मौन पाळावे, असे मानणारा एक वर्ग आपल्या धर्मग्रामांतही आहे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय या मंडळींना मुखोद्गत असतो. न्यायसभेपुढे उभा राहून माणसांपेक्षा देवाची आज्ञा थोर मानणारा पेत्र मात्र त्यांच्या वाचनात आलेला नसावा. अशा सज्जनांनी यिर्मयाच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय एकदा स्वस्थपणे वाचावा.

इ. स. पूर्व ५८८च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमला वेढा घातला. यहूदाची तटबंदीची नगरे एकामागून एक पडली. राजधानीखेरीज लाखीश आणि अजेका एवढीच उरली. तेव्हा कुठे सिद्कीया राजाला व त्याच्या सरदारांना मोशेचा विस्मृतीत गेलेला नियम आठवला : इब्री दासाला सातव्या वर्षी मुक्त करावे. वासरू चिरून, त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन त्यांनी देवापुढे करार केला आणि दासदासींना सोडून दिले. पुढे मिसरचे सैन्य निघाल्याची वार्ता आली, बाबेलच्या फौजा वेढा उठवून गेल्या. नगराने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि सरदारांनी मुक्त केलेल्या त्याच माणसांना पुन्हा धरून दास्यात जुंपले!

देवाचा कोप कशावर झाला, हे नीट पाहावे. तटाची उंची कमी पडली म्हणून तो झाला नाही. दुबळ्यांना दिलेले वचन, धोका टळल्यासारखे वाटताच मोडले गेले म्हणून झाला. गेलेले सैन्य परत येईल, असे यिर्मयाने स्पष्ट बजावले.

दरबाराने काय केले? नगराबाहेर पडताना बन्यामिनाच्या वेशीत यिर्मयाला फितूर म्हणून पकडले, मारहाण केली. पुढे, हा सैनिकांचे हात ढिले पाडतो, असा आरोप ठेवून त्याला चिखलाच्या विहिरीत सोडले. लाखीशच्या उत्खननात १९३५ मध्ये त्याच काळातील लष्करी पत्रे खापरांवर लिहिलेली सापडली. त्यांतील एका पत्रातही हात ढिले पाडणाऱ्या शब्दांची तक्रार आहे. म्हणजे आरोपाची ही भाषा तेव्हा दरबारी चलनातलीच म्हणायची! विहिरीतून संदेष्ट्याला वर काढण्याचे धाडस कोणा यहूदी सरदाराने केले नाही. ते एबद-मलेख या परदेशी, कूशी सेवकाने केले.

सिद्कीया क्रूर नव्हता, भित्रा होता. गुपचूप बोलावून तो देवाचे वचन विचारी आणि उघडपणे संदेष्ट्याला सरदारांच्या हाती देई. असा राजा मला क्रूर राजापेक्षा अधिक घातक वाटतो.

शत्रूला शरण जा, असे सांगणाऱ्या यिर्मयाची ही कसली देशभक्ती, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण शतकभर आधी यशयाने हिज्कीयाला अश्शूरच्या राजाला भिऊ नको, असेच सांगितले होते. बायबलमधून युद्धनीतीचे तयार सूत्र काढू पाहणाऱ्यांची येथे पंचाईत होते. दोघा संदेष्ट्यांचा आग्रह एकच होता : तटाबाहेरचा शत्रू मोजताना तटाआतला अन्याय झाकू नका. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सैनिकाला जनतेच्या सुरक्षिततेचा सेवक म्हणून गौरविले. आणि अंध आज्ञापालन ही अपराधाची सबब ठरत नाही, हेही त्याच ठिकाणी सांगितले.

अखेर तट फुटला. मंदिर जळाले, सिद्कीयाचे डोळे काढून त्याला बेड्यांत बाबेलला नेले. आणि ज्यांच्यापाशी काहीच नव्हते अशा मागे उरलेल्या गरिबांना द्राक्षमळे व शेते वाटून दिली, ती बाबेलच्या सेनानायकाने.