शिट्टी का वाजली?

बास्केटबॉलमध्ये हे हमखास होतं. तुम्ही उभ्याउभ्या चेंडू झेलता, समोर मोकळी जागा दिसते, तुम्ही निघता आणि... फुर्रर्र! पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतात. चेंडू समोरच्या संघाला! “पण सर, मी टप्पा मारला होता!”

मारलात, पण केव्हा? चेंडू हातात असताना एक पाय उचललात, की जमिनीवर उरलेला दुसरा पाय म्हणजे तुमचा ‘पिव्हट’. कंपासचं टोक कागदावर रुतवतो ना, तसा! त्याच्याभोवती हवं तितकं फिरा. टप्पा मारत निघताना मात्र आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, मगच तो पाय उचलायचा. क्रम चुकला की ‘ट्रॅव्हलिंग’. म्हणून तर पंचांची नजर पायांवर असते.

१८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ तयार केला, तेव्हाच चेंडू घेऊन पळायला बंदी घातली. पळणाऱ्याला अडवायला बाकीचे अंगावर जातात. पळणंच बंद, मग धक्काबुक्कीही कमी!

तेव्हा शिट्टी वाजली तर पंचांवर रागावू नका. संध्याकाळी आईला किंवा बाबांना पंच करा आणि घोकत खेळा: आधी चेंडू, मग पाय!