भांड्यावरची दारूबंदी

आपल्या तालुक्यातील बहिरमची यात्रा दरवर्षी २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. मातीच्या हंडीतले मटण आणि रोडगे ही तिची ओळख. १९५६ साली याच तारखेला वलगावजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. हंडीही मातीची आणि बाबांचे गाडगेही मातीचेच. पण हंडीच्या आडून पुष्कळांच्या हाती बाटली येते, आणि गाडगे तर बाटलीचे हाडवैरी!

बाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. घर उघड्यावर पडले आणि छोट्या डेबूला आईबरोबर दापुऱ्याला आजोळी राहावे लागले. पुढे त्याने मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचे जेवण दिले. गावोगावी कीर्तनातून त्यांनी दारूवर झाडू फिरवला. हातातले गाडगे पाहिले की लोकांना ती शिकवण आठवे.

भांड्याची ही ताकद इंग्रजांनीही ओळखली होती. १८३२ साली प्रेस्टन गावी सात जणांनी दारू न पिण्याची शपथ घेतली आणि चळवळ वाढली. १८४७ साली लीड्स येथे मुलांसाठी 'बँड ऑफ होप' ही संस्था निघाली. त्या काळात चिनीमातीच्या कपबशांवर शपथेचे शब्द आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराची चित्रे छापली जात. उपदेश आठवड्यातून एकदा कानी पडतो, कप मात्र रोज हाती येतो.

आपल्या घरात काय दिसते? बाटलीसोबत फुकट आलेला, कंपनीचे नाव मिरवणारा पेला. त्यातच लेकरू दूध पिते! माझ्या मते हा पेला घरात नकोच. दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. यकृताइतकाच कर्करोगाचाही धोका आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. कपावरचे चित्र न पिणाऱ्या लेकरासाठी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे त्रास होतात, प्रसंगी जीवावर बेतते. त्याला टोमणे न मारता डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांच्या देखरेखीखालीच दारू सोडवावी.

यंदा बहिरमहून येताना लेकरासाठी एक साधा कप आणा. त्यावर त्याच्याच हाताने झाडू आणि गाडगे रंगवून घ्या. तो कप पाहून बापाचा हात बाटलीकडे जाताना क्षणभर थबकला, तरी पैसे वसूल झाले म्हणायचे.