धुण्याचा दगड आणि श्रमाची किंमत

विजेची बचत आणि पर्यावरणाचे रक्षण यांचा कैवार घेत हाताने कपडे धुण्याचे गुणगान करण्याची प्रथा अलीकडे सुशिक्षित वर्गात पडली आहे. यंत्र नको, वीज नको, शिवाय व्यायाम फुकट, असा हा युक्तिवाद असतो. तो करणाऱ्यांपैकी रोज धुण्याच्या दगडापाशी बसणारे किती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

विजेवाचून धुणे म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. १५ लिटरचे दोन हंडे आणायचे म्हणजे ३० किलोंचे ओझे वाहायचे; आणि घरभराच्या धुण्याला दोन हंडे पुरत नाहीत. मग भिजवणे, साबण लावणे, घासणे, आपटणे, दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढणे, पिळणे आणि वाळत घालणे. पाणी प्यालेली गोधडी एकटीला उचलवत नाही, पिळायला दोघी लागतात. यंत्रातली मोटर जे करते ते येथे मनगट आणि कंबर करते. सोड्याने हात फुटतात ते वेगळेच.

वीज आली की हे कष्ट आपोआप सुटतील, हा शासकीय आशावादही तितकाच भाबडा आहे. यंत्राला नुसती तार पुरत नाही. वाहते पाणी लागते आणि विकत घेण्याची ऐपत लागते. नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत दिवा लागला, तरी धुण्याचे गाठोडे बाईच्याच डोक्यावर राहते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी याची साक्ष देते. घरातील विनामोल कामे करणाऱ्या स्त्रिया २०१९ साली त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या. २०२४ मध्ये २८९. विकासाच्या घोषणांनी दुमदुमलेल्या पाच वर्षांत सुटका झाली ती दहा मिनिटांची! आणि पुरुष? अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे होती, ती ८८ झाली. म्हणजे थोडेसे ओझे हलके झाले, पण त्याची वाटणी बदलली नाही.

या अन्यायाला अर्थशास्त्राचा आशीर्वाद आहे. तेच कपडे पगारी बाईने धुतले, तर तिचा मोबदला राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. घरच्या बाईने धुतले, तर शून्य. घरात फुकट होणारे काम बाजारातही स्वस्तच राहते. म्हणून धुणीभांडी करणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करताना सुसंस्कृत घरांना संकोच वाटत नाही. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप करून संघटना उभारली. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. मधली अठ्ठावीस वर्षे कपडे मात्र रोज धुतले जात होते. परीट समाजाच्या वाट्याला तर या श्रमाबरोबर जातीची पायरीही आली.

स्वावलंबनाचा गौरव करणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टर गांधींचे स्मरण ठेवावे. स्वतः धुऊन खळ दिलेली कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा सहकारी हसले. गांधींना त्याची लाज वाटली नाही. त्यांनी धुतली ती स्वतःची कॉलर. पत्नीने किंवा मोलकरणीने धुतलेला सदरा घालून हस्तश्रमाची महती सांगण्यात कसले आले स्वावलंबन?

तेव्हा वाद यंत्र की हात असा नाहीच. धुणे कोणी धुवायचे आणि कोणत्या मोलाने, हा प्रश्न आहे. वस्तीवस्तीत भरपूर पाण्याचे, उभ्याने धुता येईल अशा ओट्यांचे सार्वजनिक धुणीघाट नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी बांधावेत. घरकामगारांना किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी आणि आजारपणाची रजा हक्काने मिळावी. या मागण्या शासनाकडे करायच्या आहेत. तिसरी मागणी घराघरांतील पुरुषांकडे आहे, आणि समतेची भाषणे देणारा कार्यकर्ताही तिला अपवाद नाही. सभेहून परतल्यावर आपला सदरा त्याने आपल्या हाताने धुवावा. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.