कड घासा, पण जपून!

नवीकोरी डिस्क पार्सलमधून काढलीत की लगेच फेकायला धावू नका. आधी तिच्या कडेवरून बोट फिरवा. हळूच. बऱ्याच डिस्कच्या कडेला एक खरखरीत रेघ लागते आणि कुठे कुठे तर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चक्क धारेसारखा वर आलेला असतो. मोल्डिंगवाले त्याला फ्लॅश म्हणतात. इथेच आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो. फोटो काढ, 'डिफेक्टिव्ह पीस' लिही, रिटर्न मार!

माझं म्हणणं, नका मारू. दहा मिनिटं, पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि थोडा संयम एवढ्यात हे काम होतं. आणि ते वाटतं तितकं फालतू नाही.

'डिस्क गोल्फ? नाशकात?' असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. साखळ्या लटकवलेली एक लोखंडी बास्केट असते, तिच्यात कमीत कमी फेकींमध्ये डिस्क पोहोचवायची. अमेरिकेत १९७० च्या दशकात एड हेड्रिक या माणसाने या खेळाला रूप दिलं आणि १९७६ मध्ये पीडीजीए ही संघटना काढली. (हा इतका डिस्कवेडा, की २००२ मध्ये तो गेल्यावर त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या.) आपल्याकडे हा खेळ खेळणारे अजून मोजकेच. अल्टिमेटवाले त्याहून जास्त, आणि साधी फ्रिसबी तर ट्रिपमध्ये सगळ्यांनीच फेकलेली असते. तसंही जिथे रणजीचे सामने होतात त्या अनंत कान्हेरे मैदानाला अख्खं नाशिक 'गोल्फ क्लब' म्हणतं. नावापुरतं गोल्फ आपल्याला चालतंच की.

अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची आणि साधारण २७ सेंटीमीटर व्यासाची असते. गोल्फमधली लांब फेकायची डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, जवळपास तेवढ्याच वजनाची, पण व्यास २१ सेंटीमीटरच्या आसपास आणि कड पाचरीसारखी निमुळती. म्हणजे सगळा खेळ कडेचा. तीच कड बोटांत घट्ट धरायची, आणि सुटताना तीच बोटाला घासून जाणार. तिथे फ्लॅशची धार असेल तर पहिल्या वीस-पंचवीस फेकींत तर्जनी सोलून निघते. झेलणाऱ्याचा तळवा वेगळाच.

हा फ्लॅश येतो कुठून? दिवाळीत घरी साच्यातल्या करंज्या होताना बघितल्या असतील. साच्यात पारी ठेवली, सारण भरलं, साचा मिटून दाबला, की कडेने जास्तीचं पीठ बाहेर डोकावतं. प्लास्टिकचंही तेच. मोल्डचे दोन भाग मशीनमध्ये एकमेकांवर आवळून धरलेले असतात. २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पातळ केलेला दाणा जोराने आत ढकलतात. मशीनची आवळून धरायची ताकद टनांत मोजतात. ती कमी पडली, मोल्डच्या कडा झिजल्या, दोन भागांच्या मधे बारीक कचरा राहिला किंवा आत ढकलायचा जोर जास्त झाला, की फटीतून प्लास्टिक सुळकन बाहेर येतं आणि तिथेच थिजतं. दोन भाग जिथे भेटतात ती रेघ म्हणजे पार्टिंग लाइन. फ्लॅश हा तसा मोल्डच्या तब्येतीचा रिपोर्टच. एकाच जागी जाड फ्लॅश दिसला तर अनुभवी सेटर मोल्ड कुठे बसलाय ते सांगतो.

करंजीची उपमा अजून थोडी ताणते. कडेचं कापलेलं पीठ आपण परत मळून घेतो. डिस्कचं प्लास्टिकही असंच, तापवलं की पुन्हा मऊ होणारं, त्यामुळे कारखान्यात त्याचा फ्लॅश दळून पुन्हा दाण्यात मिसळता येतो. जुन्या काळ्या स्विचचं बेकेलाइट मात्र एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. तळलेली करंजी परत मळता येते का?

आता खरी गंमत. गोल्फ डिस्कच्या बाहेरच्या कडेवरच्या ज्या रेघेवर हे जास्तीचं प्लास्टिक साठतं, तीच रेघ डिस्कचं उडणं ठरवते. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेगात असताना सरळ किंवा किंचित उजवीकडे जाते आणि वेग उतरला की डावीकडे वळते. पार्टिंग लाइन जरा वर असेल तर डावीकडची ओढ वाढते, खाली असेल तर डिस्क उजवीकडे झुकायला लागते. झाडांवर, दगडांवर आपटून कड झिजलेली जुनी डिस्क उजवीकडे पळते, त्याचंही कारण हेच. तेव्हा जोशात येऊन नवी डिस्क पाऊण तास घासत बसलात तर तुम्ही फ्लॅश काढत नाही, डिस्क म्हातारी करताय.

म्हणून पद्धत नीट समजून घ्या. लोंबणारा पापुद्रा असेल तर तो ओढायचा नाही, ओढला की कडेचा लचका घेऊन येतो. नेलकटरने कापा. मग हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात चालणारा ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणा, ओला करा आणि कडेच्या दिशेने, गोल गोल, हलक्या हाताने फिरवा. आडवं घासलंत की ओरखडे पडतात. डिस्क महागातल्या रबरी प्लास्टिकची, म्हणजे पॉलियुरेथेनची असेल, तर पेपर फारसा चालत नाही. प्लास्टिक कापलं न जाता नुसतं रेटलं जातं आणि कडेवर लोंब्या तयार होतात. तिथे धारदार ब्लेड जवळजवळ उभं धरून खरवडायचं, आणि ब्लेड नेहमी हातापासून लांब न्यायचं. लायटरने जाळून गुळगुळीत करायचा जुगाड कुणी सुचवलाच तर त्याला त्याच्या डिस्कवर करू द्या. प्लास्टिक वितळून गोळा होतं आणि कडेचा आकार जातो तो जातोच.

थांबायचं कधी? कापसाचा बोळा घ्या आणि कडेवरून पूर्ण फेरी मारा. जिथे तंतू अडकतात तिथे अजून काम आहे. कुठेच अडकले नाहीत तर पेपर खाली ठेवा. रेघ डोळ्यांना दिसत राहील, ती दिसू द्या. ती पार्टिंग लाइन आहे, फ्लॅश नाही. आणि हो, हे सगळं बेसिनवर करू नका. ओला भुगा जुन्या फडक्याने पुसून कचऱ्यात टाका. गोदावरीत प्लास्टिक कमी पडलेलं नाही.

यात एक प्रामाणिकपणाचाही मामला आहे, आणि मला तो जास्त इंटरेस्टिंग वाटतो. पीडीजीएच्या नियमानुसार डिस्क तयार झाल्यावर तिचं मूळ उडणं बदलेल असा फेरफार केला तर ती बाद. खेळताना होणारी झीज आणि मोल्डिंगमधले दोष किंवा ओरखडे गुळगुळीत करण्यापुरतं माफक घासणं तेवढं चालतं. माफक म्हणजे किती? त्याचा आकडा नियमात नाही. मोजपट्टी घेऊन कुणी मागे उभं नसतं, बहुतेक वेळा खेळाडूच एकमेकांवर लक्ष ठेवून असतात. अल्टिमेटमध्ये तर फाउलसुद्धा खेळाडू स्वतः सांगतात, रेफ्री नसतोच. अशा खेळात 'फ्लॅशच काढत होतो' म्हणत डिस्क हवी तशी वळवून घेणं अगदी सोपं. तुमच्या हातातला पेपर कुठे थांबला हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

'पण मी पूर्ण पैसे दिलेत, मग मीच का घासू?' हा प्रश्न रास्त आहे. लहान मुलाच्या खेळण्याला धार असेल तर अजिबात घासत बसू नका, परत करा आणि खरमरीत रिव्ह्यूही लिहा. डिस्क वाकडी आली, आत पोकळी दिसली, कड एखाद्या जागी भरलीच गेली नाही, तरीही परत करा. ते दोष घरी जात नाहीत. फ्लॅश जातो. जो दोष दहा मिनिटांत जातो त्यासाठी एक वस्तू ट्रकमध्ये घालून शेकडो किलोमीटर उलट पाठवायची, हे मला पटत नाही. परत गेलेली डिस्क तिथे कुणी प्रेमाने घासून ठेवेल अशी आशाही नको.

शिवाय हे घासायचं काम कुणीतरी रोज करतंय. आपल्यापासून लांब नाही, सातपूर आणि अंबडला. तिथे डिस्क बनत नाहीत, गाड्यांचे आणि स्विचगिअरचे सुटे भाग बनतात, पण फ्लॅश सगळीकडे सारखाच. मोल्डिंगच्या छोट्या युनिटमध्ये मशीनच्या पलीकडे एक टेबल असतं. तिथे बसलेल्या बाया गरम पार्ट उचलतात, कटरने कडेवरून एक फेरी मारतात आणि पार्ट क्रेटमध्ये टाकतात. मशीनचा पुढचा शॉट यायच्या आत. ब्लेड एक केस आत गेलं तर पार्ट रिजेक्ट, एक केस बाहेर राहिलं तरी रिजेक्ट. रबराच्या छोट्या पार्टसाठी द्रवरूप नायट्रोजनने गोठवून फ्लॅश झाडून टाकणारी मशीन असतात, पण छोट्या ऑर्डरला ती परवडत नाहीत. तिथे डोळा, मनगट आणि ब्लेड हेच मशीन. कागदोपत्री या कामाला हेल्पर म्हणतात. पगारही हेल्परचा.

हे काम अनस्किल्ड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक डिस्क एकसारखी घासून दाखवावी. इंजिनिअरिंगवाल्यांनी तर नक्कीच. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कानस हातात घेऊन जॉब काटकोनात आणताना काय होतं ते आठवतंय ना? आणि तो जॉब बाहेरून घासून आणून सबमिट करणारे महाभाग प्रत्येक बॅचला असतातच. सातपूरच्या आयटीआयमधली पोरं यात आपल्याला सहज मागे टाकतील. थांबायचं कुठे हे व्हिडिओ बघून येत नाही, दोन-चार पार्ट बिघडल्यावर येतं.

येत्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल व्हिजिट असेल. रिपोर्टमध्ये मशीनचं टनेज आणि सायकल टाइम सगळेच लिहितात, सर तेच विचारतात. तुम्ही त्या टेबलाशी पाच मिनिटं थांबा. तासाला किती नग होतात, ब्लेड किती दिवसांनी बदलतं, ते कंपनी देते की स्वतः आणावं लागतं, हातमोजे घातले तर कड कळते का, हे त्या ताईंनाच विचारा आणि रिपोर्टमध्ये लिहा.