सुइणीच्या हातीं हिशेबाची वही

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया नांवाचें बेट आहे. तें त्या देशांतील एक घटकराज्य. त्याच्या पश्चिम व वायव्य भागांत मर्चिसन हा मतदारसंघ. दूधदुभत्याचे गोठे, मासेमारीचीं बंदरें, क्वीन्सटाउनकडील तांब्याच्या खाणी, असा तो कष्टकऱ्यांचा मुलूख. या मुलखानें २००५ सालीं रूथ फॉरेस्ट या बाईंस राज्याच्या वरिष्ठ सभेंत निवडून पाठविलें. बाईंचा पेशा परिचारिकेचा व सुइणीचा. पाठीशीं कोणताही पक्ष नाहीं. तरी २०११, २०१७ व २०२३ सालीं लोकांनीं त्यांनाच पुन्हां निवडलें.

आमच्याकडील कित्येक शहाणे म्हणतील, बाळंतपणें करणारीला राज्यकारभारांतलें काय कळतें? आम्ही त्यांस उलट विचारतों, रात्रीं-अपरात्रीं ज्या हातांनीं परक्या घरचा जीव सोडविला, त्या हातांस सरकारी खर्चाचा कागद धरतां येणार नाहीं काय? बाईंनीं तें करून दाखविलें. दोन्ही सभांच्या संयुक्त हिशेब समितीच्या त्या अध्यक्ष झाल्या. सरकारनें रयतेचा पैसा कोठें व कसा खर्चिला, याची तपासणी करणें हें त्या समितीचें काम.

पण एकटा अपक्ष सभासद काय करणार? याचें उत्तर त्या सभेच्या घडणींत आहे. सभासद अवघे १५, मुदत ६ वर्षें. सर्वांची निवडणूक एकदम होत नाहीं. साधारणपणें दर वर्षीं दोन-तीन जागांचीच होते. सरकारला ही सभा बरखास्त करतां येत नाहीं, आणि हिनें नाकारलेला कायदा पुढें सरकत नाहीं. तींत अपक्षांचा भरणा फार वर्षें राहिला. म्हणून तेथें एकेका मताला वजन आलें.

यांत उणेंही आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. सरकार बनतें तें खालच्या सभेंत. अपक्षाच्या हातीं मुख्यतः अडविणें व दुरुस्त करणें एवढेंच उरतें. पण नाडलेल्या माणसाला तेवढाही आधार थोडा नसतो.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, सुइणीच्या कामाला हलकें मानून तिला उंबऱ्याबाहेर बसवीत आलेला समाज आपलाच आहे. जिच्या हातीं आपण बाळ-बाळंतिणीचा जीव निर्धास्त सोपविला, तिच्या हातीं गांवच्या हिशेबाची वही द्यावयास कां कचरतों? पुढच्या निवडणुकीस उमेदवार दारीं येईल, तेव्हां त्याचा झेंडा मागाहून पाहा. आधीं एवढेंच विचारा : बाबा, तुझ्या हातांनीं आजवर कोणाचें काय काम झालें?